मदत हवी आहे : फायबरची शीट एकदा चिकट राहते, एकदा डब्यातच पेटल्यासारखी तापते

गणपतीच्या मखरासाठी फायबरची कमान करतोय. साधं पॉलिएस्टर रेझिन, कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रावण), हार्डनर आणि ४५० ग्रॅमची (दर चौरस मीटरला) काचतंतूंची मॅट आणली आहे. पहिला थर २४ तासांनंतरही बोटाला चिकटतोय. दुसऱ्या वेळी हार्डनर वाढवलं, तर पाच मिनिटांत डब्यातून धूर यायला लागला. हार्डनर बाटलीच्या झाकणाने मोजतो. नेमकं प्रमाण काय? (सिंहगड रोड, गच्चीवर काम, सध्या पावसाळी हवा.)

प्रतिसाद १
झाकणाने मोजणं आधी बंद करा. रेझिन वजनाने घ्या आणि हार्डनर सुई काढलेल्या सिरिंजने. ५०० ग्रॅम रेझिनला दीड टक्का म्हणजे ७.५ ग्रॅम, साधारण साडेसहा मिली, कारण हार्डनर पाण्यापेक्षा जड असतं. १ टक्क्याच्या खाली आणि २ टक्क्यांच्या वर जाऊ नका. कमी पडलं तर ते कधीच पूर्ण कडक होत नाही, आठवडाभर वाट पाहिली तरी. जास्त झालं तर तापतं, आकसतं आणि तडे जातात.

कोबाल्टचं प्रमाण त्याच्या तीव्रतेवर ठरतं, म्हणून विकणाऱ्याने सांगितलेलंच घ्या. रेझिन आधीच गुलाबी-जांभळट असेल तर त्यात कोबाल्ट घातलेलं असू शकतं. पुन्हा घालण्याआधी विचारा.

आणि हे जिवाचं आहे: कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर. दोघांसाठी सिरिंज वेगळी, काडीही वेगळी. हार्डनर डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावा, उडालंच तर निदान १५ मिनिटं पाण्याने धुवत राहा आणि लगेच डॉक्टर गाठा.

प्रतिसाद २
धूर येण्यामागे हार्डनरइतकाच डबाही आहे. खोल डब्यात उष्णता बाहेर पडत नाही, ती स्वतःलाच आणखी तापवते. एका वेळी ३००-४०० ग्रॅमच कालवा आणि पसरट ट्रेमध्ये ओता. डबा तापायला लागला तर कागद, चिंध्या, अॅसिटोनपासून दूर उघड्यावर ठेवा, झाकण लावू नका.

चिकटपणाचं मात्र आधी तपासा. नख दाबून पाहा. नख रुतलं तर आतच कच्चं आहे, खरवडून काढा. खाली टणक आणि वर नुसता चिकट असेल तर तो हवेमुळे आहे, मेण नसलेल्या रेझिनचं ते नेहमीचं आहे. त्यावर पुढचा थर उलट छान बसतो. फक्त शेवटच्या थरात मेणाचं द्रावण घाला.

धागाकर्ता
नख रुतत नाही, वरच चिकट आहे. मॅट मात्र गच्चीवर उघडी होती.

प्रतिसाद १
मग दमट मॅट वापरू नका, उन्हात नाहीतर घरात पंख्याखाली वाळवा. ओल्या मॅटवर रेझिन पांढुरकं दिसतं आणि थर सुटतो. एक चौरस मीटर मॅटला एक किलोच्या आसपास रेझिन लागेल, रोलरने बुडबुडे काढेपर्यंत.

प्रतिसाद ३
कमानीचा साचा थर्माकोलचा आहे का? पॉलिएस्टर रेझिन त्याला विरघळवतं. आधी विचारतोय, म्हणजे मेहनत वाया जाणार नाही.

धागाकर्ता
प्लायचा आहे, वर मेण लावलंय.

प्रतिसाद ३
मग ठीक. आधी ५० ग्रॅमचा नमुना करा: ०.७५ ग्रॅम हार्डनर, आणि घट्ट होईपर्यंतची वेळ घड्याळात बघा. १५ ते २० मिनिटं मिळाली तर काम करायला पुरेशी आहेत.