घर बघतोय, पण वाल-भेंडी येईल असं कुठलं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

मराठी मंडळाच्या ह्या लिस्टवर पहिल्यांदाच लिहितेय, आत्तापर्यंत नुसतं गणपतीच्या आरतीची वेळ आणि मोदकपात्र कोणाकडे आहे एवढंच वाचत होते. आम्ही इथे अमेरिकेत, सेंट्रल न्यू जर्सीत घर शोधतोय आणि तीन घरांवर येऊन अडकलोय, एक बैठं रँच, एक दुमजली कलोनिअल आणि एक १९५० च्या आसपासचं छोटं केप कॉड. सासूबाईंचं म्हणणं दार उत्तरेला नाहीतर पूर्वेला, दक्षिणेला अजिबात नको. नवऱ्याला बेसमेंट हवं. आणि मला सहा वर्षं बाल्कनीत कुंड्या सांभाळून झाल्यावर आता जमीन हवीय, वाल, भेंडी, दोडका, दुधी, मागे अळू. रिअल्टरला विचारलं की मागे ऊन किती वेळ असतं, तर ती "भरपूर नॅचरल लाइट आहे" म्हणत किचनची खिडकी दाखवते. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी खरंच भाजी येते त्यांची घरं कशी आहेत? आणि आमचा झोन ७ आहे तर वाल येईल ना?

– बाल्कनीवाली

*

बाल्कनीवाली ताई (की सूनबाई म्हणू),

पहिल्यांदा तो झोन डोक्यातून काढून टाक. इथे प्रत्येकजण "आमचा झोन अमुक" असं गोत्र सांगितल्यासारखं सांगतो. यूएसडीएचा, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याचा, तो नकाशा (२०२३ मध्ये नवा आला) फक्त एवढंच सांगतो की हिवाळ्यात सरासरी नीचांकी थंडी कितीपर्यंत जाते. म्हणजे अंजीर बाहेर जगेल का, त्यासाठी तो ठीक. भेंडी तर ऑक्टोबरात मरणारच आहे, तिला तुझ्या जानेवारीशी काय देणंघेणं? भाजीला बघायची शेवटच्या आणि पहिल्या फ्रॉस्टची (दव गोठून रोपं मरतात त्या थंडीची) तारीख, आपल्याकडे ढोबळमानाने एप्रिलचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य, गावागणिक आठवडा-दोन आठवडे इकडेतिकडे.

आता घर. मी स्प्लिट लेव्हलमध्ये (अर्ध्या-अर्ध्या मजल्यांचं घर) २२ वर्षं राहतोय आणि माझं ठाम मत आहे की घराची स्टाइल नंतर, आधी होकायंत्र. आपण मुळात वाढलो कुठे, तर जिथे सूर्य मे महिन्यात चक्क डोक्यावर येतो, पुण्या-मुंबईला शून्य सावलीचा दिवस असतो, आणि त्यानंतर काही आठवडे तो दुपारी डोक्याच्या उत्तरेला असतो. त्यामुळे परस कुठल्याही दिशेला असलं तरी भाजीला कधी ना कधी ऊन मिळायचंच. इथे आपण साधारण ४० अक्षांशावर. सूर्य इथे डोक्यावर येतच नाही, २१ जूनलासुद्धा दुपारी साडेत्र्याहत्तर अंशांवर थांबतो, आणि दुपारी तो कायम दक्षिणेलाच असतो, वर्षभर. म्हणजे घराच्या उत्तरेला घराचीच सावली.

किती, तर हिशेब केला मी (रिटायर्ड इंजिनिअर, दुसरं काय करणार). कलोनिअलची वळचण जमिनीपासून २० फूट धर. जूनच्या दुपारी भिंतीपासून ६ फूट सावली, काही त्रास नाही. मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२२ तारखेच्या सुमारास १७ फूट. डिसेंबरात ४० फूट, पण तेव्हा कोण बघतंय. रँचची वळचण ९ फुटांवर, तिथे हीच मार्च-सप्टेंबरची सावली जेमतेम ८ फूट. म्हणून रँचवाल्यांना मेथी-कोथिंबीर लवकर सुरू करता येते आणि शरद ऋतूत पुन्हा घेता येते. जूनमध्ये उत्तरेच्या बाजूलाही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं त्यामुळे लोक फसतात, जूनमध्ये घर बघतात आणि सप्टेंबरात रडतात.

आणि गंमत बघ, तुझ्या सासूबाईंचं उत्तरेचं दार म्हणजे बॅकयार्ड दक्षिणेला, भाजीला सर्वात उत्तम! वास्तूवर माझा काडीचा विश्वास नाही पण इथे मी त्यांच्या पार्टीत. पूर्वेचं दार असेल तर मागे पश्चिमेचं ऊन, भेंडी-वांग्याला चालतं. दक्षिणेचं दार असलेलं घर मात्र बागवाल्याने नीट विचार करून घ्यावं, कारण मग चांगलं ऊन सगळं पुढच्या लॉनवर.

आत्ता मार्च संपतोय ही संधी आहे, आत्ता जी सावली दिसते तीच सप्टेंबरच्या मध्यात दिसणार. फक्त झाडं आत्ता उघडी आहेत हे विसरू नकोस. शेजारचा मेपल मेमध्ये पानांनी भरला की तुझं सगळं गणित गेलं. आणि दुपार म्हणजे घड्याळात एक, उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे केलीयत.

– स्प्लिट लेव्हलवाले काका

*

काका, हिशेब आवडला पण पुढच्या लॉनवर भाजी लावू नये असं काही नाही हो!! आमचं टाऊनहाऊस, दक्षिणेचं दार, मागे नऊ बाय बाराचा पॅटिओ आणि कायम ओल. पुढे मी दोन मिरच्या आणि एक दोडका लावला तर घरमालकांच्या असोसिएशनचं पत्र आलं, "अनअप्रूव्ड प्लँटिंग". फ्लोरिडात २०१९ मध्ये कायदा झाला म्हणे की गावाला, काउंटीला भाजीची बाग बंद करता येणार नाही, मी उड्या मारत वाचला तर तो असोसिएशनला लागूच नाही. आणि आपण फ्लोरिडात नाही ते वेगळंच. तेव्हा बाल्कनीवाली, जे काय घेशील त्याचे नियम क्लोजिंगच्या (घर नावावर होण्याच्या) आधी वाच, आम्ही नंतर वाचले.

आता मी लाल माठ लावते पुढे. एक बाई थांबून म्हणाली किती सुंदर ऑर्नामेंटल आहे. अप्रूव्ड.

– टाऊनहाऊसवाली

*

केप कॉडबद्दल मी लिहितो कारण आम्ही नऊ वर्षांपूर्वी तेच घेतलं. गोड घर असतं, दीड मजली, उतरतं छप्पर, वर डॉर्मरच्या (छपरातून बाहेर काढलेल्या खिडकीच्या) खोल्या, दुसऱ्या महायुद्धानंतर लेव्हिटटाऊनसारख्या वसाहतींत ही घरं धडाधड उभी राहिली. काकांच्या हिशेबाने सावलीही कमी पडते. पण १९७८ च्या आधीचं घर असेल तर रंगातलं शिसं बघा. त्या वर्षी घराच्या रंगात शिसं वापरायला इथे बंदी आली, त्याआधी बाहेरच्या लाकडी सायडिंगला (भिंतीवरच्या फळ्यांना) सर्रास तोच रंग. आढ्याचं पाणी वळचणीला जायचंच, आणि जुना रंग पावसाबरोबर, खरवडण्याबरोबर तिथेच खाली मातीत जातो. म्हणजे पागोळ्या पडतात ती भिंतीलगतची पट्टी सगळ्यात वाईट, आणि आपण नेमकी तिथेच कोथिंबीर पेरतो, कारण किचनच्या दारातून हात घातला की मिळते!

आम्ही दोन वर्षं खाल्ली. मग मुलीच्या वेळी डॉक्टरने घराचं वय विचारलं आणि बायकोच्या डोक्यात प्रकाश पडला. इथल्या रटगर्स विद्यापीठाच्या सॉइल टेस्टिंग लॅबला माती पाठवली (फॉर्मवर शिशाची टेस्ट हवीय हे आठवणीने लिहा, नाहीतर नुसता पीएच आणि खतांचा रिपोर्ट यायचा). भिंतीपाशी आकडा ३०० पीपीएमच्या (मातीच्या दहा लाख भागांत शिशाचे भाग) वर, आणि कुंपणापाशी ४० पण नाही. एकाच अंगणात. ईपीएने (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने) घराच्या अंगणातल्या मातीसाठीची सावधगिरीची पातळी २०२४ मध्ये ४०० वरून २०० वर आणली, त्यामुळे आधी कोणी "चालतंय" म्हटलं असेल तर परत बघा. पालेभाजी आणि मुळा-बीट ह्यांचा धोका जास्त, टोमॅटो-भेंडीसारख्या फळभाज्यांत शिसं फार उतरत नाही, पण पानांवर उडालेली माती धुवायलाच हवी. आम्ही भिंतीलगत झुडपं लावून टाकली आणि पालेभाज्या कुंपणापाशी वाफे उचलून बाहेरच्या मातीत.

लहान मूल असेल किंवा होणार असेल तर हे ऑफर देण्याआधी बघा, एवढंच.

– केप कॉडवाला

*

अगं सगळ्यांनी दिशा सांगितल्या, शिसं सांगितलं, पण पोरीने वालाचं विचारलंय त्याचं काय!

वालाचं असं आहे, की वेल येणार, आणि असा येणार की डेक झाकून टाकेल, आणि तू ऑगस्टमध्ये माझ्यासारखी रोज जाऊन बघशील की फुलं का येत नाहीत. मी पाच वर्षं खत घातलं, ओरडले, देवाला नारळ बोलले. वाल-पावटा दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. आपल्याकडे जूनमध्येसुद्धा दिवस सव्वातेरा तासांचा, इथे पंधरा तासांचा. तो बिचारा वाट बघत बसतो, सप्टेंबरात कळी धरतो आणि शेंग भरेपर्यंत फ्रॉस्ट दारात. आपल्याकडची अंबाडी पण तशीच फुलायला उशीर करते, पण तिचा पाला खायचाय ना, मग फुलो न फुलो.

दुसरी गोष्ट मला अपघाताने कळली. माझा वेल गॅरेजच्या कोपऱ्यावर होता, तिथला दिवा रात्रभर चालू. दिव्याच्या बाजूला नुसती पानं आणि मागच्या अंधाऱ्या बाजूला जांभळ्या फुलांचे तुरे. ह्या झाडांना लांब सलग रात्र लागते. पुढच्या वर्षी दिवा सप्टेंबरभर बंद ठेवला (ह्यांनी कुरकुर केली, चोर येतील म्हणून, चोराला काय वालाच्या शेंगा हव्यात?) आणि दसऱ्याला वालाची उसळ झाली. तेव्हा घर बघताना रात्री पण एक चक्कर मार, रस्त्याचा दिवा बॅकयार्डात पडतो का बघ.

नाहीतर दिवसाच्या लांबीशी देणंघेणं नसलेल्या जाती घ्यायच्या. बेंगळुरूच्या आयआयएचआरने (फळं-भाज्यांच्या संशोधन संस्थेने) काढलेल्या अर्का जय, अर्का विजय तशा आहेत, वेल नाही, बुटकं झाड. पण बिया बॅगेत लपवून आणू नका, आधी परमिट काढा. यूएसडीएचं छोट्या लॉटचं परमिट असतं, एका पुडीत जास्तीत जास्त ५० बिया, नावं नीट लिहिलेली. आणि कढीपत्त्याचं रोप तर मुळीच नाही, त्यावर संत्र्या-लिंबाच्या झाडांचा रोग पसरवणारी कीड राहते.

दुधीचं सोपं आहे. फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या असतात, म्हणून आपणच नर फूल तोडून मादी फुलावर टेकवायचं. मादीच्या मागे इवलासा दुधी असतो, ओळखू येतो. चहा झाला की मी तेवढंच काम करते. भेंडीचं बी रात्रभर भिजव आणि मेमोरियल डेच्या (मे अखेरच्या सुट्टीच्या) आधी जमिनीत घालू नकोस, थंड मातीत कुजतं.

आणि अळू! अळूला सावली चालते. उत्तरेची बाजू वाया गेली असं ह्या काकांनी सांगितलं ना, तिथे अळू लाव. आमच्याकडे कोकणात परसात मोरीच्या पाण्यावर असायचा, इथे मोरी नाही तर होजने पाणी घाल भरपूर. फ्रॉस्टच्या आधी कंद काढून बेसमेंटमध्ये. नवऱ्याला बेसमेंट हवंय ना, मग झालं की. नर्सरीतलं शोभेचं, अळूसारखं दिसणारं एलिफंट इअर मात्र खायला घेऊ नकोस, घसा धरेल. माझ्याकडे कंद आहेत, खात्रीचे.

– डेकवाल्या काकू

*

काकूंच्या डेकबद्दल एक पुरवणी. डेक २००४ च्या आधीचा असेल तर त्या लाकडात आर्सेनिकचं प्रिझर्व्हेटिव्ह असण्याची बरीच शक्यता, २००३ अखेर ते घरगुती लाकडात वापरणं बंद झालं. वर दुधी चढवायला हरकत नाही पण जुन्या फळ्या काढून वाफे करू नका. आणि मांडवाचे खांब खणायच्या आधी ८११ ला फोन, गॅसची लाइन कुठे आहे ते फुकट आखून देतात.

– स्प्लिट लेव्हलवाले काका

*

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, मी प्रिंट काढून नवऱ्याच्या हातात दिला.

काल दुपारी एक वाजता आणि परत रात्री नऊ वाजता जाऊन आलो. रिअल्टरला वाटलं आम्ही शेजारी कसे आहेत ते बघायला गेलो, तिला काय सांगणार की वालासाठी अंधार बघतोय. कलोनिअलचं दार दक्षिणेला निघालं, मागे भिंतीपासून मी सतरा पावलं मोजली (पावलं, फूट नाही, टेप विसरले) आणि पंधराव्या पावलापर्यंत बर्फाचे शिल्लक डाग होते, तेव्हा ते बाद. केप कॉडच्या भिंतीचा रंग पापुद्र्यासारखा निघत होता, मला बघवलं नाही. रँच मात्र उत्तरेच्या दाराची, मागे लख्ख ऊन, रात्री काळोख, सासूबाई खूश.

फक्त कुंपणाच्या पलीकडे शेजाऱ्याचं मोठं झाड आहे, त्याखाली लिंबाएवढी काळी कुजकी फळं पडलीयत, मी एक सोलून बघितलं तर बोटं अजून तपकिरी आहेत, साबणाने जात नाहीत. हे काय आहे?

– बाल्कनीवाली

*

ब्लॅक वॉलनट. त्याच्या मुळांतून जे उतरतं त्याने टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा उभ्या उभ्या माना टाकतात, माझी सहा रोपं एका आठवड्यात गेली आणि मी पाणी कमी पडलं म्हणून अजून पाणी घालत बसलो. खोडापासून ५०-६० फूट सोडून लावायची, नाहीतर मोठ्या कुंड्यांत, आणि त्याचा पाला कंपोस्टात घालायचा नाही. शेंगवर्गाला सहसा काही होत नाही. म्हणजे तुझा वाल येईल, नवऱ्याची भरली वांगी कुंडीत.

लॉट मागे किती खोल आहे? ह्या वेळी टेप घेऊन जा.

– स्प्लिट लेव्हलवाले काका

*

९५ फूट!! आज ऑफर दिली. काकू, कंद ठेवा माझ्यासाठी.

– (अजून तरी) बाल्कनीवाली

*

ठेवलेत. मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाला घेऊन येते, निळी पिशवी, ती परत दे. सोलताना हाताला तेल लाव.

– काकू