प्लेस्टेशन ५ प्रो : ७०० डॉलर नेमके कशाचे?

चकलीवाला : २०१६ साली पीएस४ प्रो (सोनीच्या प्लेस्टेशन ४ या गेम कन्सोलचा जास्त ताकदीचा अवतार) ३९९ डॉलरला आला, म्हणजे २०१३ मध्ये मूळ पीएस४ ज्या भावाला आला होता त्याच भावाला. तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. नोव्हेंबर २०२४मध्ये पीएस५ प्रो मात्र ६९९.९९ डॉलरला आला, आणि गेमची डिस्क घालायचा ड्राइव्ह त्यात नाहीच! तो तेव्हा आणखी ८० डॉलरला. उभा ठेवायचा स्टँडही वेगळा. ताट महाग आणि मिठाचे पैसे निराळे.

पिक्सेलमोज्या : घरी ४के टीव्ही नसेल तर प्रो तुमच्यासाठी नाही, विषय संपला. असेल तर ऐका. आज बरेच गेम विचारतात, सुरेख चित्र हवं पण सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं), की ६० फ्रेम पण चित्र जरा धुरकट? पीएस५चा मुख्य रचनाकार मार्क सर्नीनेच सांगितलंय की सुमारे तीन चतुर्थांश वेळा लोक ६० फ्रेमवाला मोड घेतात. प्रोमध्ये जीपीयूची (चित्र काढणाऱ्या चिपची) कम्प्यूट युनिट्स, म्हणजे आकडेमोड करणारे भाग, साध्या पीएस५पेक्षा ६७ टक्के जास्त आहेत, शिवाय एआय अपस्केलिंग, म्हणजे कमी बारकाव्याचं चित्र एआयने मोठं नि सुबक करणं. ही निवड करावीच लागू नये, त्याचे पैसे आहेत.

चकलीवाला : आणि सीपीयू, म्हणजे मुख्य प्रोसेसर? साध्या पीएस५मधलाच झेन २ जातीचा, फार तर १० टक्के वेगात पळणारा. ज्या गेममध्ये गर्दी नि फिजिक्समुळे (वस्तूंच्या हालचालींच्या हिशोबामुळे) सीपीयूच अडकतो, तिथे ३०चे ६० होणार कसे? गाडी नवी, बैल तेच.

पिक्सेलमोज्या : तसे गेम थोडे आहेत हो. आणि साधा पीएस५ कुणी काढून घेतलाय का?

जुनीडिस्क : काढून घेत नाहीत, दुर्लक्ष करतात. डिसेंबर २०२०मध्ये सायबरपंक २०७७ हा गेम मूळ पीएस४वर इतका अडखळत चालला की सोनीने आपल्या ऑनलाइन स्टोअरवरून उतरवला. पीएस४ प्रोवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं चाललं होतं.

पिक्सेलमोज्या : ती घाई गेम बनवणाऱ्या कंपनीची, प्रोचा काय दोष?

जुनीडिस्क : बरं, तेही सोडा. पीएस५ प्रो २०२४मध्ये भारतात अधिकृतपणे आलाच नाही, त्याच्या ६ गिगाहर्ट्झच्या वायफायला तेव्हा इथे परवानगी नव्हती म्हणून. मग ग्रे मार्केटमधून (अनधिकृत विक्रेत्यांकडून) आणायचा आणि वॉरंटीवर पाणी सोडायचं, असंच होतं. मी गेम संपवला की डिस्क विकतो आणि त्या पैशांत पुढचा घेतो. माझं गणित ड्राइव्हवर चालतं, फ्रेमवर नाही.

चकलीवाला : पिक्सेलराव, पीएस६ आला की तुमचा प्रो विकाल ना? आधी मला विचारा. ड्राइव्हसकट.