ग्रुपिंगचे पझल सुटेनात, सीईटीसाठी काय घेऊ? (बजेट २०००)

खानापूरचा_पोरगा: बीकॉम झालंय, दिवसभर दुकानात असतोय, महाराष्ट्राची एमबीए सीईटी द्यायचीय. २०० प्रश्न १५० मिनिटांत, म्हणजे एकाला ४५ सेकंद, आणि मला ते "७ जणांना २ गटांत वाटा"चा एक सेट सोडवायलाच १२ मिनिटं लागतात. पुस्तक घेऊ की ऑनलाइन टेस्ट? २००० च्या वर जमणार नाही.

टिळकवाडी_कट्टा: पुण्याला जा सरळ. मी ४५ हजार भरले, रूम वेगळी. इथं राहून काही होत नाही बघ.

निपाणीकर: २००० म्हटलंय की त्यानं वो. आणि पुण्याला जाऊन आपले पर्सेंटाइल किती ते पण सांगा 😄

टिळकवाडी_कट्टा: ते वेगळं, मला त्या दिवशी ताप होता.

सीमेवरचा: सीमाभागाच्या कोट्याचं बघितलंस का? महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांत तुझं गाव असलं तर मार्कांपेक्षा कागदपत्रं आधी गोळा कर, मी दाखल्यासाठी तीन चकरा मारल्या, तिसऱ्यांदा साहेब जेवायला गेलेले.

गणिताची_ताई: पुस्तक नको रे, कॅटचे जुने पेपर नेटवर फुकट आहेत, त्यातले डीआयएलआरचे, म्हणजे आकडेवारी आणि तर्काचे, सेट काढ. अमेरिकेच्या एलसॅटचे (लॉ कॉलेजची प्रवेश परीक्षा) जुने लॉजिक गेम्स तर अजून भारी, ऑगस्ट २०२४ पासून त्यांनी तो भागच काढून टाकला पण सरावाला काय बिघडतंय. हे बघ. म, श, र, क, त, न, प असे ७ जण, गाड्या दोन. क्रूझरमध्ये ४, ओम्नीत ३. म आणि श एकत्र नकोत. र-क एकत्रच. त क्रूझरला बसला तर न ओम्नीत. म-श एकेका गाडीत गेले की ओम्नीत उरल्या २ जागा. तिथं र-क घातले तर ओम्नी फुल्ल, त-न-प तिघं क्रूझरला, अट मोडली. म्हणजे र-क क्रूझरलाच! नावं लिहायच्या आधी जागा मोज. एकूण ६ पद्धती येतात.

निपाणीकर: आणि त ओम्नीत असला की न क्रूझरला, हे पण लिहून ठेव.

गणिताची_ताई: नाही वो दादा, तसं होत नाही. न क्रूझरला असला तर त ओम्नीत, एवढंच उलटं निघतं. सगळे इथंच मार खातात.

निपाणीकर: आमच्या सरांनी तसंच शिकवलेलं.

टिळकवाडी_कट्टा: पेन्सिल वापर, पेनानं खाडाखोड होते.

सीमेवरचा: खोडरबरात वेळ जातो. आणि सीईटीला निगेटिव्ह नाही, शेवटी गोळे मारून यायचं.

टिळकवाडी_कट्टा: गोळे कुठले, कॉम्प्युटरवर असतंय पेपर.

गणिताची_ताई: जागा आधी मोज म्हणून मी पण सांगितलंच आहे, परत सांगते. रोज २ सेट, घड्याळ लावून. ५ मिनिटांत सुरुवातच नाही झाली तर सोडून पुढं जा.

खानापूरचा_पोरगा: सगळ्यांना थँक्स. काल मामेभावाबरोबर बेळगावला जाऊन क्लासला ९ हजार भरून आलो, पप्पांनी दिले. ओरडू नका. ताई, ते क्रूझरचं बसमध्ये सोडवलं, मला ४ च येतात, ६ कशा?

गणिताची_ताई: निपाणीच्या दादांचं ऐकलंस ना? प ला क्रूझरला बसव, त-न दोघं ओम्नीत. चालतंय की.