मदत हवी आहे: आईला जेवणानंतर ताक कसं द्यायचं?

नमस्कार मंडळी, आईला गेले दोन महिने जेवण झालं की पोट फुगतं, गॅसेस होतात, डॉक्टरांना दाखवलंय, रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणून आता दुपारी रोज ताक द्यायचं ठरवलंय. मी घरी विरजण लावते, ताजं दही घुसळून लोणी काढते आणि वरून सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर सुंठ आणि हिंग घालते. पण पाणी किती घालायचं यातच गोंधळ झालाय, कारण आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांपैकी भावप्रकाशात तक्र (ताक) म्हणजे दह्याच्या पाव पट पाणी आणि सुश्रुतसंहितेत निम्मं, तर पचन मंद असेल तेव्हा कुठलं बरं?

दुसरं म्हणजे चरकांनी ग्रहणी (पचन बिघडून पोट सारखं बिघडणं), मूळव्याधीवर ताकाचं एवढं कौतुक केलंय आणि सुश्रुतात मात्र उन्हाळ्यात, अशक्त माणसाला, चक्कर किंवा दाह असेल तर देऊ नये असं आहे, आणि आपण तर उन्हाळ्यातच पितो ना! आईला अधूनमधून छातीत जळजळ पण होते, त्यामुळे जास्तच काळजी वाटते. सुंठ बंद करून थोडी साखर घालू का? वात असेल तर सैंधव, पित्त असेल तर साखर एवढं माहितीये पण दोन्ही असेल तर काय करायचं? बीपीची गोळी चालू आहे, मीठ कमीच ठेवलंय. कुणी वैद्य असेल किंवा घरी अनुभव असेल तर प्लीज सांगा.