अनुभव धागा: नोकरीचा अर्ज, होकार आणि 'कळवतो'

पिंपरी-चिंचवडमधल्या एका लहान कंपनीत माणसं निवडायचं काम माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यातली गोष्ट. एका मुलाने त्याआधी ऑफर लेटरवर सही करून पाठवली होती. जुन्या नोकरीचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा. आम्ही थांबलो, लॅपटॉप मागवला, ओळखपत्र छापून घेतलं. सोमवारी साडेनऊला यायचा होता. साडेदहाला त्याचा फोन बंद. त्याला दुसरीकडे जास्त पगार मिळाला असेल तर त्याचा मला राग नाही. पण दुसऱ्या क्रमांकावर सोलापूरची एक मुलगी होती आणि तिला आम्ही तीन महिन्यांपूर्वीच नकार कळवला होता. फोन केला तेव्हा ती दुसरीकडे रुजू झालेली. ते ओळखपत्र अजून माझ्या खणात पडून आहे.

'दोन दिवसांत कळवतो' म्हणून कधीच न कळवणाऱ्या कंपन्याही कमी नाहीत, आणि मी स्वतः तशा फोनची वाट बघत महिने काढलेत. तेव्हा दोन्ही बाजूंचे अनुभव लिहा. नावं मात्र नकोत.

सातपूर, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) ऑपरेटर
आयटीआय झाल्यावर एमआयडीसीत ट्रायलला गेलो, आम्ही आठ जण. सुपरवायझरने प्रत्येकाच्या हातात टर्निंग केलेला एक जॉब (लेथवर बनवलेला धातूचा भाग) आणि ड्रॉइंग दिलं, म्हणाले मापं घे. मी व्हर्नियरचे (बारीक मापं घ्यायच्या साधनाचे) जॉ पुसले, बंद करून झीरो बघितला, मग माप घेतलं. झाल्यावर पुसून डबीत ठेवला. निवड झाली. पुढे कधीतरी साहेबच म्हणाले, मापं पाच जणांची बरोबर होती, व्हर्नियर डबीत दोघांनीच ठेवला.
नवीन पोरांना एक सांगतो. झेरॉक्सचे दोन-तीन सेट न्या. ओरिजिनल दाखवा आणि लगेच परत घ्या, कुणाकडे जमा करू नका. माझी मार्कशीट एका ठिकाणी ठेवून घेतली होती, सोडवायला चार महिने हेलपाटे घातले.

पुणे, एचआर
सीव्हीतून छोटी नोकरी गाळू नका. पीएफ कापला गेला असेल तर यूएएनच्या (पीएफच्या कायमच्या नंबरच्या) सर्व्हिस हिस्टरीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. एका मुलीने चार महिन्यांची नोकरी लपवली होती. पडताळणीत ती नोकरी उघड झाली तेव्हा तिने सांगितलं, तिथे पगारच वेळेवर होत नव्हता. हे तिने मुलाखतीत सांगितलं असतं तर काहीच अडलं नसतं. पण तोवर वरच्यांचा विश्वास उडाला होता. मी भांडले तिच्यासाठी, उपयोग झाला नाही.

नांदेड, प्राध्यापक
रेफरन्स म्हणून नाव देण्याआधी विचारा, बाळांनो. मला वर्गात असताना फोन येतो, 'अमुक विद्यार्थ्याबद्दल सांगा', आणि पाच वर्षांपूर्वीचा तो चेहरा पटकन आठवत नाही. माझ्या गप्प बसण्यानेच त्याचं नुकसान होतं. आदल्या दिवशी एक फोन केला असता तर त्याचा प्रोजेक्टसुद्धा आठवून सांगितला असता.

सॅन होजे, सॉफ्टवेअर
पुण्यात प्रत्येक मुलाखतीत पहिला प्रश्न असायचा, 'सध्याचा सीटीसी (वर्षाचं एकूण पॅकेज) किती?' खरं सांगावं तर त्यावरच टक्केवारी लावायचे, सांगू नये तर उद्धट ठरायचो. कॅलिफोर्नियात २०१८ पासून आधीचा पगार विचारायला कायद्यानेच मनाई आहे. उलट १५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला २०२३ पासून जाहिरातीतच पगाराची श्रेणी द्यावी लागते.

धागाकर्ता
हे वाचून पुढच्या जाहिरातीत पगाराचा आकडा टाकायचा विषय मी साहेबांकडे काढलाय. आम्ही अजूनही आधीच्या नोकरीच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागतो.

ठाणे, अकाउंट्स
मूळ पोस्ट वाचली तेव्हा माझ्या हातात दोन ऑफर होत्या आणि एकीला मी आठवडाभर काहीच कळवलं नव्हतं. फोन करायला लाज वाटत होती. आज ईमेल केली: 'आपण दिलेल्या संधीबद्दल आभारी आहे. मी दुसरीकडे रुजू व्हायचं ठरवलं आहे. कळवायला उशीर झाला, त्याबद्दल मनापासून क्षमस्व.' अर्ध्या तासात उत्तर आलं: 'कळवल्याबद्दल धन्यवाद. पुढच्या उमेदवाराला आजच फोन करतो.'