तारखेला येतात, पण गोळ्या घेतात का?

सायली_फिल्ड:
नमस्कार. पुण्यात एचआयव्ही प्रतिबंधाच्या एका औषध-चाचणीत सात महिन्यांपासून समुपदेशक आहे. रोज एक गोळी, महिन्याला एक व्हिजिट. सुरुवातीला बायका हौसेने आल्या; आता कुणाचा फोन बंद, कुणी "गावाला गेली". ज्या येतात त्यांच्या डबीत उरलेल्या गोळ्या अगदी हिशोबाने बरोबर. इतक्या बरोबर की मलाच शंका येते. वरून तगादा आहे, गळती थांबवा. प्रवासभत्ता वाढवून मागू का?

जुनी_ताई:
सायली, शंका रास्त आहे. दक्षिण आफ्रिका, युगांडा, झिम्बाब्वेतली व्हॉइस नावाची अशीच चाचणी बघ. 5,000हून जास्त बायका, 91 टक्के शेवटपर्यंत टिकल्या, 'औषध घेतो' म्हणणाऱ्या 90 टक्क्यांच्या आसपास. रक्त तपासलं तर औषध सापडलं ते तीन नमुन्यांमागे एकाहूनही कमी! नंतर त्यांच्याशी निवांत बोलल्यावर कारणं बाहेर आली: दुष्परिणामांची भीती, आणि या गोळ्या पाहून लोक आपल्यालाच एचआयव्ही आहे असं समजतील ही धास्ती.

माझ्याकडची एक बाई चार महिने गोळ्या मोरीत टाकत होती. सासूला डबी सापडली होती. दर महिन्याला मी विचारायचे, "सगळ्या घेतल्यात ना?" त्या 'ना'ला ती बिचारी 'हो' सोडून काय म्हणणार? पुढे मी "या महिन्यात किती दिवस राहून गेली?" असं विचारायला लागले. पहिल्याच खेपेला तिने सगळं सांगितलं. डबी वाजते हीसुद्धा तक्रार होती. (गोळ्या काढून पुडीत बांधून देऊ नकोस हं, दमट हवेत खराब होतात. आधी फार्मासिस्टला विचार.)

नियमवाला:
भत्त्याची रक्कम एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही. आणि फार वाढवली तर ते आमिष ठरतं. त्यापेक्षा वेळ बघा. चार घरची धुणीभांडी करणारी सकाळी अकराला कशी येणार? शिवाय कधीही सोडून जायचा हक्क संमतीपत्रातच आहे. सोडणारीला 'गळती' म्हणणं मला तरी खटकतं.

मंदार७९:
आता सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं लेनाकापाविरचं इंजेक्शन आलंय की. 2024 च्या निकालात दक्षिण आफ्रिका आणि युगांडात ते घेणाऱ्या 2,134 जणींपैकी एकीलाही लागण नाही. रोजच्या गोळीची कटकटच संपली.

जुनी_ताई:
मंदार, दुसऱ्या इंजेक्शनला तिला सहा महिन्यांनी शोधायला कोण जाणार? सायलीच ना.

सायली_फिल्ड:
आज 'ना' गाळून विचारलं. पहिलीच म्हणाली, "नऊ दिवस." दुसरी बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "लिहिणार असशील तर नाही सांगत." तिला सांगितलं, लिहावं तर लागेल, पण नावापुढे नाही, कोडपुढे. मग म्हणाली, सतरा. फॉर्मवर तसेच आकडे भरलेत. सोमवारी वरून फोन येणार हे नक्की.