निळा धूर: इंजिन उघडण्याआधी कॉम्प्रेशन तपासा

जुन्या मारुती ८०० मधून सकाळी निळा धूर येतो आणि मेकॅनिक थेट इंजिन उघडायला सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. कृपया घाई करू नका.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, हे नक्की. ते कुठून येतंय हे महत्त्वाचं. रात्रभर उभी गाडी चालू केल्यावर भपकन धूर येऊन थोड्या वेळात थांबत असेल, तर आधी संशय व्हॉल्व्ह सीलवर (व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल आत झिरपू न देणारं रबरी सील) घ्या. घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो, तेव्हा इनटेकमधली (हवा आत घेणाऱ्या मार्गातली) ओढ वाढते आणि झिजलेल्या सीलमधून ऑइल आत खेचलं जातं. खाली आल्यावर पुन्हा रेस देताच मागे निळा ढग दिसला, तर संशय बळावतो. चढावर, लोड असताना सतत धूर येत असेल तर संशय रिंगांवर (पिस्टनवरच्या कड्या) किंवा बोअरवर (सिलिंडरची आतली भिंत).

खात्रीसाठी तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब, मोजून घ्या. कमी आलं तर स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा गेल्यात. फारसा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग) बघावं लागेल. कॉम्प्रेशन ठीक आलं तर संशय सीलवरच जास्त; सील बदलणं रिंगांच्या कामापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं.

थंडीत सकाळी दिसणारी पांढरी वाफ सोडून द्या. मात्र इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी होत असेल, तर गाडी चालवू नका.

तोवर डिपस्टिकवर ऑइलची पातळी रोज बघा.